नंबर चोरीला जातो तेव्हा दोष कोणाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान नव्हे. सातवी झाली आणि जिनिंगमध्ये लागलो, ते आजतागायत रुईच्या धुळीतच आहोत. चार अक्षरे आली ती याच विहाराच्या कपाटातील पुस्तकांतून, रात्रपाळी नसेल तेव्हा वाचून. समितीने आम्हास 'विहाराची वाटचाल' हा विषय दिला होता. पण वाटचाल अध्यक्षांनी आताच सांगितली आणि ती आमच्यापेक्षा चांगली सांगितली. म्हणून त्यांच्या परवानगीने आम्ही दुसरेच बोलणार आहोत. विषय आहे आपल्या विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीचा. वर्धापनदिनी असले कशाला, असे काहींना वाटेल. वाटू द्या.

मागील वर्षी, म्हणजे २०२५ च्या वर्षावासातली गोष्ट. पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. रात्री अकराच्या सुमारास आपल्या ग्रुपवर एका मावशीच्या नंबरवरून एक लग्नपत्रिका आली. मावशी कोण ते आपण जाणता, नाव घेत नाही. शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. मुलगा पुण्याकडे चाकणला कंपनीत आहे आणि नातू शिकायला त्यांच्यापाशी राहतो. पत्रिकेमागोमाग मजकूर आला, 'दवाखान्यात आहे, अर्जंट पाच हजार पाठवा.' आणि मग अशी काही चित्रे आली की ती इथे सांगता येत नाहीत. त्याच ग्रुपवर सकाळी भन्ते त्रिशरण-पंचशील टाकतात. आपल्या लेकीसुना त्यावर आहेत.

मग काय झाले? अर्ध्या तासात साठ-सत्तर मेसेज. 'कोण आहे हे?' 'काढा बाहेर.' 'विहाराची इज्जत घालवली.' कोणीतरी लिहिले, 'म्हातारीला काय समजते, हे त्या पोट्ट्याचेच काम आहे.' आणि बस, सर्वांना उत्तर सापडले! पोट्टा सोळा वर्षांचा, बाप घरी नाही, रात्री उशिरापर्यंत फोन पाहतो, मग तोच असणार. आम्ही ग्रुपचे ॲडमिन. आम्ही मावशीचा नंबर काढून टाकला. एवढेच करून थांबलो असतो तरी चालले असते, कारण चोराच्या हातातला नंबर काढावाच लागतो. पण आम्ही खाली लिहिले, 'कारवाई करण्यात आली आहे.' आज विचार येतो, कारवाई कोणावर?

दुसऱ्या दिवशी समितीचे आम्ही चौघे बसलो. एका उपासकाने खरोखरच मावशी आजारी समजून पाच हजार पाठवले होते. भला माणूस, मदतीला धावला आणि फसला. तो म्हणाला, माझे पैसे कोण देणार? आम्ही ठरवले की नंबर मावशीचा आहे तेव्हा अर्धे मावशीने हप्त्याहप्त्याने द्यावे. आणि नातवाकडे अभ्यासिकेची किल्ली असायची, पहाटे पाचला तोच कुलूप उघडायचा, ती किल्ली आम्ही काढून घेतली. त्याने एक शब्द विचारला नाही. किल्ली हातावर ठेवली आणि गेला. दहावीचे वर्ष होते त्याचे.

बंधूंनो, या घटनेच्या पंधरा दिवस आधी अशीच पत्रिका एका गुरुजींच्या नंबरवरूनही आली होती. तेव्हा आम्ही सर्वांनी काय लिहिले होते? 'सरांचा फोन हॅक झाला आहे, कोणीही उघडू नये.' किती सरळ, किती समजूतदार! सरांचा फोन हॅक होतो आणि मावशी मात्र घाण टाकते. सरांच्या मुलाकडे कोणी बोट दाखवले नाही, आणि दाखवू नयेच. गुन्हा तोच, चोर बहुतेक तोच. मग फरक कशाचा? सर खुर्चीवर बसतात, मावशी सतरंजीवर बसते. जातिव्यवस्थेवर आम्ही तासभर बोलू शकतो, पण आपल्याच विहारात, आपल्याच माणसांत ही उतरंड आम्ही रात्री अकरा वाजता फोनवर उभी केली आणि आम्हाला ते कळलेही नाही.

आम्हाला तर हे कळायला पाहिजे होते. जिनिंगमध्ये आग लागली की पहिली झडती कोणाची होते? कापूस वेचणाऱ्या, झाडझूड करणाऱ्या बायांची आणि हमालांची. 'बिडी कोण ओढली?' हा पहिला सवाल. पण रेच्यावर ज्याची हयात गेली त्याला विचारा. कापसाबरोबर खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आत गेला की घर्षणाने ठिणगी पडते, ती रुईत दडून राहते आणि तासाभराने ढीग पेटतो. असा तुकडा गाडीतून कापसासोबतच येतो. तरुणपणी आम्ही ज्या जिनिंगमध्ये होतो तिथे अशाच आगीत दोन बायांची हजेरी बंद झाली होती. त्यांच्यासाठी आम्ही गेटसमोर बसलो होतो. तेच आम्ही, तीस वर्षांनी.

आता ही चोरी होते कशी ते साध्या शब्दांत सांगतो. आम्हालाही ते आपल्या वस्तीतल्या, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने समजावले. ती लग्नपत्रिका म्हणजे पत्रिका नसतेच. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. फोटो दाबला की फोटो उघडतो, ही फाइल दाबली की फोनमध्ये एक ॲप बसते. ते ॲप तुम्हाला येणारे मेसेज वाचायची परवानगी मागते. आपण घाईत 'हो, हो' दाबत जातो. मग चोर स्वतःच्या फोनवर तुमचा नंबर टाकून व्हॉट्सॲप चालू करतो. सहा आकडी कोड तुमच्या फोनवर येतो आणि ते बसलेले ॲप तो चोराकडे पोचवते. त्या क्षणी तुमचे व्हॉट्सॲप तुमच्या फोनवर बंद आणि त्याच्या फोनवर चालू. तुमच्या जुन्या गप्पा त्याला आपोआप दिसत नाहीत, पण ज्या ज्या ग्रुपमध्ये तुम्ही आहात ते ग्रुप आणि त्यातले सर्वांचे नंबर त्याला मिळतात. मग तो तुमच्या नावाने तीच पत्रिका सगळीकडे वाटतो. कधी ॲपसुद्धा लागत नाही. ओळखीच्या नंबरवरून मेसेज येतो की 'चुकून तुझ्याकडे कोड आला, जरा सांग', आणि आपण सांगून मोकळे होतो.

म्हणजे बघा, मावशीला ती पत्रिका कोणाकडून आली होती? स्वतःच्या भाच्याच्या नंबरवरून. भाच्याला कोणाकडून? देव जाणे, म्हणजे आपण म्हणतो तसे, कोणीच न जाणे. भाच्याची पत्रिका उघडली हा मावशीचा गुन्हा. आपल्यात लग्नाची पत्रिका न उघडणारा माणूस दाखवा!

आणि हे शिकलेल्यांनाही घडते. त्याच ऑगस्ट महिन्यात आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याला अशीच लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली आणि त्याच्या खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. ती बातमी तेव्हा सर्वत्र आली होती. त्याला कोणी 'म्हातारीला काय समजते' म्हटले नाही.

मावशीच्या फोनचा उलगडा कसा झाला ते सांगायचे राहिले. त्या मुलीने फोन हातात घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाली, 'काका, यांचे व्हॉट्सॲप तर संध्याकाळीच बंद पडलेले आहे, यांचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवल्याची सूचना इथे आहे. अकराला यांनी किंवा यांच्या नातवाने इथून काही टाकणे शक्यच नाही.' सहा दिवस आम्ही एका पोराला दोषी धरून बसलो होतो, आणि उत्तर दोन मिनिटांचे होते. आम्ही तेवढी दोन मिनिटे दिली नाहीत. फोन मागून पाहिला नाही, साधे विचारलेसुद्धा नाही.

आम्ही मावशीच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. आम्ही चूक झाली म्हणालो. त्या एवढेच बोलल्या, 'भाऊ, तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं. माया फोन तं सायंकाळपासून बंदच होता ना. मले वाटलं पैसे सरले.' त्यांना ग्रुपवरून काढले हेही त्यांना ठाऊक नव्हते. शेजारणीकडून कळले. पाण्याच्या नळावर.

मित्रहो, हे घरातले झाले. आता थोडे बाहेर पाहू, कारण हीच सवय बाहेर गेली की माणसाचा जीव घेते.

२ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख हा सोलापूरचा तरुण मारला गेला. संगणकाच्या कंपनीत नोकरीला होता. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे कोणीतरी टाकली होती. त्या चित्रांशी या पोराचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी दिसली, झाले. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींची मुक्तता केली. मोहसीनला मात्र कोणी मुदत दिली नव्हती, वकीलही दिला नव्हता.

त्याच २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये साताऱ्यात एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून शिवरायांविषयी घाणेरडा मजकूर आला. गावात संताप. मुलाचे घर, नाव, धर्म सगळ्यांना माहीत. पुढे पोलिसांनी तांत्रिक तपास केला तेव्हा त्या खात्याआडून लिहिणारा निराळाच तरुण निघाला, त्याला अटक झाली, आणि तो त्या मुलाच्या धर्माचाही नव्हता. पोलिसांनी तपास केला म्हणून हे कळले. मात्र त्याच जिल्ह्यात पुसेसावळीला, सप्टेंबरमध्ये, समाजमाध्यमावरच्या अशाच मजकुरावरून जमाव चालून गेला आणि मशिदीत नमाजाला गेलेले नूरुल हसन शिकलगार प्राणास मुकले. मजकूर त्यांचा नव्हता.

आणि राईनपाडा आपण विसरलो का? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे व्हॉट्सॲपवर फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्या वर्षी देशभर जी एक चित्रफीत फिरत होती ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मुलगा परत आणून सोडतात तो शेवट कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला पाच माणसे मेल्यावर पाचाचा आकडा सुचला, असे आमचे एक सहकारी कडवटपणे म्हणतात. हा योगायोग असेल, पण आम्हाला ते वाक्य विसरता येत नाही. ते पाच जण भटक्या जमातीचे होते. त्यांच्याजागी मोटारीतून आलेले पाच साहेब असते तर गावाने आधी ओळखपत्र पाहिले असते, नाही का?

नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचेही नाव घ्यावे लागेल. २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. त्यांच्या आणि रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून कागद ठेवले गेले होते, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. न्यायनिवाडा न्यायालयाचा, त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की यंत्रात सापडलेली वस्तू यंत्राच्या मालकानेच ठेवली असे धरून चालता येत नाही, हा वाद आता आपल्या दारापर्यंत आला आहे.

हे काही आजचे नाही. भगवान बुद्धांच्या काळी सुंदरी नावाची परिव्राजिका होती, ही कथा उदानात आहे आणि भन्तेंनी ती आपल्याला वर्षावासात सांगितलेली आहे. बुद्धांचा मान वाढला हे सहन न झालेल्या लोकांनी सुंदरीला वारंवार जेतवनात जायला लावले, मग तिचा खून करून प्रेत जेतवनातच पुरले. राजा प्रसेनजिताकडे जाऊन म्हणाले, सुंदरी दिसत नाही. शोध झाला, प्रेत निघाले, श्रावस्तीच्या रस्त्यांनी मिरवले. लोक भिक्खूंना शिव्या देऊ लागले. कोणी विचारले का, पुरले कोणी? ज्याच्या अंगणात सापडले तो खुनी! भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की हा आवाज सात दिवस राहील. अट्ठकथेत पुढचे येते, मारेकरी दारू पिऊन आपसात भांडले आणि आपल्या तोंडाने सारे ओकले.

सात दिवसांवरून आठवले. नंबर चोरणाऱ्याने त्यावर स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर व्हॉट्सॲप मूळ मालकाला तो पिन काढायला सात दिवस थांबायला लावते. अडीच हजार वर्षांनी पुन्हा सातच दिवस! तेवढे आपण गप्प बसायला शिकलो तरी पुष्कळ झाले.

काहींनी आम्हास तेव्हा विचारले की ॲडमिन या नात्याने तुमच्यावरच केस झाली असती तर? त्यासाठी घाईत कोणाचा तरी बळी द्यायचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, आधी ठरवून केलेला कट नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. त्या प्रकरणात ग्रुपमधल्या एका बाईला सदस्याने घाण शिवीगाळ केली होती आणि ॲडमिन गप्प राहिला होता. कायद्याने तो सुटला. पण आमच्या मते त्याने बोलायला पाहिजे होते. तो बोलायला हवा तिथे गप्प राहिला, आम्ही गप्प राहायला हवे तिथे बोललो.

आणि दुसऱ्याचा पासवर्ड, ओळख बेइमानीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे ज्याचा नंबर गेला तो कायद्याच्या लेखी फिर्यादी आहे. आम्ही फिर्यादीकडूनच हप्ते घेतले. दोन हप्ते मावशीने दिलेसुद्धा होते. ते समितीने परत केले आणि त्या उपासकाचे पाच हजार आम्ही वर्गणी करून भरले. तक्रार करायला आम्हाला सहा दिवस उशीर झाला. पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा असतो, पहिल्या काही तासांत केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते. आम्ही ते तास पोट्ट्याला दोष देण्यात घालवले.

आता समितीने ठरवलेले सांगतो. कोणाच्याही नंबरवरून असले काही आले तर ॲडमिनने तो नंबर काढावा आणि खाली एकच वाक्य लिहावे, 'या नंबरची चोरी झालेली दिसते, फाइल उघडू नका, पैसे पाठवू नका.' सर असो की मावशी, वाक्य तेच. मग दोघांनी त्या माणसाच्या घरी जावे. फोनवर नाही, घरी. त्या नंबरचे व्हॉट्सॲप चोराकडे असते ना! दर रविवारी सकाळी वंदनेनंतर ती मोबाइल दुकानातली मुलगी इथे बसेल. फोन घेऊन या. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणून आहे, त्यात आपला सहा आकडी पिन लावून देईल. पिन तुमचा तुम्ही टाकायचा, तिलाही सांगायचा नाही, आम्हालाही नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आधी यावे, लाजू नये. आम्हीसुद्धा पिन वहीत लिहून ठेवला होता, तिने फाडायला लावला.

मावशी पुन्हा ग्रुपवर आहेत. सकाळच्या पंचशीलाला हात जोडल्याचे चित्र टाकतात. नातू दहावी पास झाला, पण अभ्यासिकेत येत नाही, घरीच वाचतो. त्याच्या वर्गातली पोरं येतात, तो येत नाही. दोनदा किल्ली घेऊन गेलो. पहिल्या वेळी तो घरी नव्हता. दुसऱ्या वेळी होता, म्हणाला, 'राहू द्या काका, तुमच्यापाशीच ठेवा.' रागाने नाही बोलला. किल्ली आता या खिशात आहे. आज कार्यक्रम संपल्यावर आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी ज्यांनी ज्यांनी त्या रात्री ग्रुपवर काही लिहिले होते त्यांनी आमच्यासोबत यावे अशी विनंती आहे. चपला दाराशीच आहेत.

जयभीम.